ज्योत्स्ना नेवारेचा शेरा

"पुन्हा," मी म्हटलं.

ज्योत्स्ना नेवारे रेषेवरून निघाली, चेंडू तीनदा आपटला, रिंगखाली आली आणि उजव्या पायावर उडाली. चेंडू बोर्डला लागून भलतीकडेच गेला. उजव्या हाताने चेंडू टाकायचा असेल तर उडायचं डाव्या पायावर, हा बास्केटबॉलचा श्रीगणेशा आहे. दहा वर्षांच्या पोरींना आम्ही तो पहिल्या आठवड्यात शिकवतो. ही साडेसोळा वर्षांची होती आणि तीन वर्षं इथे राहून, इथलं दूध-अंडी खाऊन खेळत होती.

"जेवतेस कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"मग त्याच्या विरुद्ध बाजूला जो पाय असतो ना, त्याला डावा म्हणतात. त्याच्यावर उडायचं. पुन्हा."

ती पुन्हा उजव्याच पायावर उडाली. ही सातवी खेप. फेब्रुवारीतली सकाळ होती, ऊन अजून कोवळं होतं, तापलं होतं ते फक्त माझं डोकं.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. नागपूरला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, त्याआधी आठ वर्षं राज्याच्या संघातून खेळलेली. वर्ध्याजवळच्या कावळे क्रीडा निवासात दर फेब्रुवारीत मला चार दिवस बोलवत. काम एकच होतं. बास्केटबॉलच्या बारा मुलींचे शेवटचे सामने बघायचे, वर्षभराचे तक्ते चाळायचे आणि प्रत्येकीच्या नावापुढे एक-दोन ओळींत शेरा लिहायचा. रविवारी पालकांची सभा भरे आणि ज्याने शेरा लिहिला त्यानेच तो सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा, अशी संस्थापकांनी घालून दिलेली पद्धत होती. पाठीमागे लिहायचं आणि तोंडावर गोड बोलायचं, हे तिथे चालत नसे. मला ही पद्धत फार आवडायची. नऊ वर्षांत मी भिडेखातर एक अक्षर लिहिलं नव्हतं आणि याचा मला चांगलाच ताठा होता.

त्या शेऱ्यावर पोरींचं भवितव्य ठरत असे. 'कुवत कमी' असं लिहिलं की मुलगी वर्षाअखेरीस घरी. चांगला शेरा आला की पुढचं वर्ष पक्कं. आणि ज्योत्स्नाबद्दल गेल्या वर्षी मीच छाती ठोकून लिहिलं होतं की या केंद्रातून राज्याच्या संघात जाणारी पहिली मुलगी हीच असेल. गेल्या वर्षी ती सामन्याला सरासरी अठरा गुण करत होती. यंदाच्या चौदा सामन्यांत सरासरी सहा. मी आल्यावर जे दोन सामने पाहिले त्यांत ती बहुतेक वेळ बाकावरच होती. मुलींचे प्रशिक्षक उमाठे सर, त्यांनीही वैतागून बसवली असणार, असं मी धरून चालले. पोरगी गेल्या वर्षीच्या कौतुकाने शेफारली, हे माझं निदान, आणि माझा शब्द तिने मातीत घातला, हा माझा खरा राग.

आठव्या वेळी मी तिला मध्येच थांबवलं. लहान मुलींना शिकवताना करतो तसं खाली बसले, तिची डावी पोटरी धरली आणि पाय उचलून खुणेवर ठेवला. जरा जोरातच ठेवला. तिने तोंडातून आवाज काढला नाही, पण माझ्या खांद्यावर तिचा हात होता, त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

मी तिचा बूट काढायला लागले तर ती पाय मागे घेऊ लागली. मी सोडला नाही. आत दोन मोजे होते. त्यांच्या आत सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली होती. ती सोडवली तेव्हा पावलाची बाहेरची कड करंगळीपासून घोट्यापर्यंत सुजलेली दिसली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून, मॅडम."

म्हणजे साडेतीन महिने. म्हणजे चौदाही सामने. मला तिची दया आली असं मी आता सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला भयंकर राग आला. हाड दुखत असताना पोरगी महिनोन् महिने त्यावर नाचते, आणि मी शहाणी तिला डावा-उजवा शिकवते. तिला तिथेच सावलीत बसवून मी तरातरा उमाठे सरांना शोधायला गेले.

उमाठे सर सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होते. माझा चेहरा पाहिल्याबरोबर त्यांनी पंप खाली ठेवला, व्हॉलीबॉलच्या जुन्या जाळ्यांखालून एक मोठं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. आत एक्स-रे होता.

"मॅडम, तुम्ही आधी ओरडून घ्या. मग मी सांगतो," ते म्हणाले.

मी ओरडले. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी सांगितलं की नोव्हेंबरात तिला गुपचूप वर्ध्याच्या एका डॉक्टरकडे नेलं होतं. बाहेरच्या कडेच्या हाडाला तडा आहे, पायावर भार देऊ नका, पुन्हा दाखवायला आणा, एवढं डॉक्टर म्हणाले. पुन्हा नेलं असतं तर ऑफिसात कळलं असतं, म्हणून सर पुन्हा गेलेच नाहीत.

"आणि ऑफिसात कळलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"तुम्हाला नियम माहीत नाही का, मॅडम?"

मला माहीत होता, पण तो कोणाला लागू झालेला मी पाहिला नव्हता. चार वर्षांपूर्वी कुस्तीतल्या एका मुलाचा खांदा निखळला, त्याच्या घरचे वकील घेऊन आले, वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हापासून सचिवांनी नियम केला होता की जायबंदी खेळाडू संस्थेत ठेवायचा नाही. लगेच घरी. बरं झाल्यावर पुन्हा यायचं तर नव्याने निवड चाचणी, आणि चाचणीला वयाची अट सोळाच्या आतली. ज्योत्स्नाने सोळा केव्हाच ओलांडले होते. घरी गेली की ती परत येणार नव्हती.

"म्हणून मी तिला सामन्याला दहा मिनिटं उतरवत होतो," सर म्हणाले. "नाव चालू राहावं म्हणून. गेल्या वर्षी ती पस्तीस मिनिटं खेळून अठरा गुण करायची. या वर्षी दहा मिनिटं खेळून सहा करून राहिली. एका पायावर. आता तुम्हीच ठरवा हंगाम कसा गेला ते."

मी स्टुलावर बसले. तक्त्यात मिनिटांचा रकाना नव्हता हे खरं, पण विचारायला माझं तोंड तर होतं. नऊ वर्षं सडेतोड शेरे लिहिणारी बाई, आणि एवढी साधी गोष्ट विचारायची तिला सुचली नाही.

दुपारी मी सचिवांकडे जाऊन चाचपून पाहिलं. वासुदेवराव कावळे माणूस वाईट नव्हते. सकाळ-संध्याकाळ स्वतः पोरांच्या ताटात काय पडतं ते बघायचे. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. समजा एखादी मुलगी जखमी असली, चांगली असली, तर दोन महिने इथेच ठेवून घेता येईल का, असं मी आडून विचारलं. त्यांनी चहा मागवला. अपवाद केला की नियम उरत नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, नियम माणसांसाठी असतात. ते म्हणाले, अगदी खरं, म्हणूनच माणसांनी ते पाळायचे असतात. मग त्यांनी आपणहून विचारलं की त्या नेवारेचं काय लिहिताय, गेल्या वर्षी तर तुम्हीच तिला डोक्यावर घेतलं होतं. मी चहा अर्धा टाकून उठले.

म्हणजे खरं लिहिलं तर पोरगी घरी. काहीच न सांगता नुसता तक्ता बघून 'कुवत कमी' लिहिलं तरी पोरगी घरी. चांगला शेरा लिहिला तर तक्ता दाखवून सचिव मलाच वेड्यात काढणार आणि सोमवारपासून ती पुन्हा त्या पायावर पळणार. संध्याकाळपर्यंत मी मैदानाला फेऱ्या मारत होते. मैदानाच्या कडेला, स्कोअर लिहायच्या टेबलाशी, ॲथलेटिक्सचा एक लांबड्या पायांचा पोरगा बसला होता. सकाळच्या सरावाला दांड्या मारल्या म्हणून त्याला शिक्षा झाली होती. दोन महिने मैदानात पाऊल टाकायचं नाही, टेबलाशी बसून दुसऱ्यांचे गुण लिहायचे, चेंडू पुसायचे, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. केंद्रात याला 'टेबलावर बसणं' म्हणत आणि पोरं त्याला माराहून जास्त भीत. कामचुकारपणाचा शेरा पहिल्यांदा मिळाला की ही शिक्षा ठरलेली.

मी त्या पोराकडे बघत उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या केंद्रात आजारी माणसाला बसायची सोय नव्हती. आळशी माणसाला होती.

उमाठे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी डोक्याला हात लावला आणि मग हसायलाच लागले. दोन महिने म्हणजे एप्रिलअखेर. मे महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती. तोवर पाय बरा होऊन पोरगी तिथे उतरू शकली असती. आम्ही दोघांनी बोटांवर आठवडे मोजले. सगळं इतकं चपखल बसत होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ज्योत्स्नाला सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नाही.

"दुसरं काहीबी लिहा, मॅडम. आळशी नका लिहू."

मी तिला पुन्हा सगळं समजावलं. इजा लिहिली तर घर, कुवत कमी लिहिलं तर घर. ती मान हलवत होती, तिला समजत सगळं होतं.

"रविवारी बाबा येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही ते त्यांच्यासमोर वाचणार."

तिचे वडील हिंगणघाटला जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाच्या गाठी उचलण्याचं काम. तिने मला सांगितलं की तापात कामावर गेलेला बाप तिने पाहिलाय, पण कामावरून आधी घरी आलेला कधी पाहिला नाही. घरात भांडण झालं तरी ते शिव्या देत नसत. त्यांना राग आला की ते फक्त एवढंच म्हणत, कामचोर. ही शिवी तिच्या मोठ्या भावाला एकदा बसली होती आणि त्यानंतर महिनाभर त्यांनी त्याच्या ताटाकडे पाहिलं नव्हतं.

"मग वडिलांना आधीच खरं सांगून टाकू. ते इथे गप्प बसतील."

"नाई बसणार. सचिव साहेबांनी एक शब्द विचारला तर बाबा खरं सांगून देईल. त्यांना खोटं बोलता येत नाई, मॅडम."

मला वैताग आला. एकीकडे तिचा बाप हरिश्चंद्र, दुसरीकडे सचिव नियमाचा पुतळा, आणि मध्ये मी शेऱ्याचं पेन घेऊन. मी तिला म्हटलं की ठीक आहे, मग मी खरं लिहिते, तू घरी जा, पाय बरा कर, बापाच्या नजरेत शहाणी राहा. माझ्या बोलण्यात टोमणा होता हे मला तेव्हाही कळत होतं.

ती बराच वेळ ट्यूबची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "घरी पाय बरा होईल. पण घरी बॉल नाई भेटणार." आणि थोड्या वेळाने, "लिहा."

रविवारी अकरा वाजता जेवणाच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. दीड-दोनशे पालक असतील. खेड्यांतून, बसने, कुणी सायकलवर आलेले, बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मुलं-मुली भिंतीला टेकून उभी. कुस्तीचे शेरे झाले, ॲथलेटिक्सचे झाले, मग मी उठले. माझा क्रम नेहमी आडनावांचा असे, त्यामुळे नेवारे सातवी आली. त्याआधीच्या सहा जणींचं मी काय वाचलं ते आठवत नाही.

"ज्योत्स्ना बापूराव नेवारे," मी वाचलं. "कुवत मोठी, मेहनत नाही. सरावात आणि सामन्यात अंग चोरते. कामचुकारपणाबद्दल दोन महिने मैदानाबाहेर बसवावे."

हॉलमध्ये एक-दोघी हसल्या. मी पुढच्या नावाकडे वळले तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने, अगदी मागून, एक माणूस उठला. पन्नाशीचा, काळासावळा, खांदे रुंद, पांढरा सदरा आणि हातात कापडात बांधलेला डबा. तो लोकांमधून वाट काढत पुढे यायला लागला. त्याचा एक पाय टेकताना बाहेरच्या बाजूला पडत होता, त्यामुळे त्याला वेळ लागला. तो टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"मी नेवारे," तो म्हणाला. "पुन्हा एकदा वाचा, बाई."

मी सचिवांकडे पाहिलं. ते म्हणाले, वाचा, पालकांचा हक्कच आहे तो. नऊ वर्षांत पहिल्यांदा लिहिलेला खोटा शेरा मी दुसऱ्यांदा वाचला, आणि या वेळी तो तीन फुटांवर उभ्या असलेल्या बापाला वाचून दाखवला. 'अंग चोरते' वाचताना माझा आवाज बसला. मी पाणी प्यायले आणि उरलेलं पुरं केलं.

त्याने मुलीला नावाने हाक मारली. ज्योत्स्ना भिंतीपासून दोन पावलं पुढे आली. चालताना ती काहीच जाणवू देत नव्हती, यात तिचा साडेतीन महिन्यांचा सराव होता.

"बाई म्हणून राहिल्या ते खरं हाय?"

ती त्याच्याकडे सरळ बघत होती. खाली बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"हो, बाबा."

तो तिला न्याहाळत राहिला. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. मला वाटलं, आता हा तिच्या कानाखाली वाजवणार किंवा हाताला धरून घरी नेणार. घरी नेलं तर सगळंच मुसळ केरात. मी कागद टेबलावर ठेवला आणि मनाशी ठरवलं की त्याने तिच्या हाताला धरलं की मी बोलणार, मग जे व्हायचं ते होवो. पण तो वळला सचिवांकडे.

"साहेब, दोन महिने कमी हायेत," तो म्हणाला. "चार करा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सचिव खुर्चीतून अर्धे उठले. तो पुढे म्हणाला की आळस अंगात मुरला की दोन महिन्यांत निघत नाही, पोट्टीला चार महिने बसवा, मधी तिनं कितीबी म्हटलं तरी उठू देऊ नका, बापाची सही पाहिजे तर घ्या. आणि त्याने सही केली. तीन अक्षरं, एकेक कोरल्यासारखी. सचिवांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच सगळ्या पालकांना सांगितलं, असे बाप पाहिजेत, मग संस्था बघा कुठे जाते. टाळ्यासुद्धा पडल्या.

चार महिने म्हणजे जूनअखेर. म्हणजे मे महिन्यातली राज्याची निवड गेली. मी आणि उमाठे सरांनी बोटांवर मोजलेले सगळे आठवडे त्या माणसाने एका वाक्यात पुसून टाकले. ज्योत्स्ना भिंतीला टेकली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती बापाकडे अशी बघत होती की मी पुढच्या पाच जणींचे शेरे कागदावरून मान न काढता वाचले.

सभा उठली तेव्हा तो माणूस मुलीला भेटलासुद्धा नाही. डबा तसाच हातात घेऊन फाटकाकडे चालायला लागला. मी त्याच्या मागे निघाले. निघाले म्हणजे अक्षरशः धावले, चप्पल हातात घ्यायची तेवढी बाकी होती. नियमांना कंटाळले होते, सचिवांना कंटाळले होते, स्वतःच्या हुशारीला कंटाळले होते, आणि आता हा एक बाप राहिला होता ज्याला मी चार शब्द सुनावू शकत होते. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मी त्याला गाठलं.

"नेवारे, थांबा. स्वतःच्या मुलीला भर सभेत दुप्पट शिक्षा? ती कशी खेळते ते एकदा तरी येऊन पाहिलंत का? तुम्हाला माहीत आहे का, त्या मुलीचा..."

"बाई, हळू बोला," तो म्हणाला. "साहेब खिडकीत हाय."

मी वळून पाहिलं. सचिव खरंच खिडकीत उभे होते. त्यांनी आम्हाला हात केला. नेवारेंनी वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"पोट्टी उभी राहिली तवा डाव्या पायाची भाईरची कड उचलून उभी व्हती. माह्या पायावर गाठ पडली तवा मीबी तसाच उभा राहत व्हतो."

ते म्हणाले की भरती केली त्या दिवशी कागद वाचून दाखवला होता. हात-पाय मोडला तर घरी न्यायचं, असं त्यात होतं. ते त्यांच्या ध्यानात होतं. आणि बाईंनी कामचोर म्हणून वाचलं तेव्हाच काहीतरी आहे असं त्यांना वाटलं, कारण ती पोट्टी काहीही असेल पण कामचोर नाही. म्हणून पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्या वेळी बाईंना पाणी प्यावं लागलं.

"पण चार महिने कशाला?" मी विचारलं. "दोन महिन्यांत ती बरी झाली असती. मे महिन्यात तिची निवड होती."

त्यांनी आपला पाय पुढे केला. वहाणेची बाहेरची बाजू झिजून पातळ झाली होती.

"मी दोन महिन्यांत उठलो व्हतो, बाई. म्हणून असा चालतो."

तरीही माझी खोड जाईना. मी म्हटलं की निदान मुलीला तरी सांगा तुम्हाला कळलंय म्हणून, ती तिकडे जळतेय. तुम्हाला सांगायचं नसेल तर मी सांगते.

"नका सांगू. शिक्षा हाय म्हणून बसन ते. बापाले समजलं, बाप काळजी करून राहिला म्हटलं, तर पंधरा दिवसांत उठन. मले पळून दाखवाले." मी नाही सांगणार असा शब्द दिला, तेव्हा त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "हे गाडीत तुमीच खाऊन घ्या. रागावलेला बाप डबा ठेवून गेला म्हटलं तर तिले शंका येईन."

ज्योत्स्ना चार महिने टेबलावर बसली. उमाठे सर सांगत की तिने एक दिवस चुकवला नाही आणि बापाला एक पत्र टाकलं नाही. त्यापुढच्या वर्षी ती राज्याच्या संघात गेली, तीन वर्षांनी माझ्याच ऑफिसात खेळाडू म्हणून लागली आणि आता ती पोरींना शिकवते. बापाशी ती बोलायला लागली, पैसे पाठवायची, आजारपणं काढायची, सगळं करायची. पण ते चार महिने तिच्या मनातून गेले नाहीत. दर दिवाळीला माझ्याकडे आली की एकदा तरी म्हणायची, मॅडम, तुम्ही खोटं लिहिलं ते दोन महिन्यांचं, माझ्या सख्ख्या बापानं त्याचे चार केले. मी म्हणायची, जुनी माणसं कडक असतात. मी शब्द दिला होता, आणि शब्द पाळणं म्हणजे किती वैतागाचं काम आहे हे मला दर दिवाळीला नव्याने कळायचं.

मागच्या वर्षी नेवारे गेले. तेराव्याला मी हिंगणघाटला गेले होते. लोक पांगल्यावर ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की बाबांनी सगळं केलं माझ्यासाठी, फक्त तेवढ्या एका दिवशी त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. तेव्हा मी तिला सांगितलं. कडुनिंबाखालचं सगळं, शब्द न् शब्द.

तिला राग आला. इतकी वर्षं, मॅडम, इतकी वर्षं, असं दोनदा म्हणाली. मला वाटलं ती उठून जाईल. पण तिने डाव्या पायातली चप्पल काढली आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

"डब्यात काय होतं?" तिने विचारलं.

"तिळाच्या पोळ्या," मी म्हटलं. "पाच होत्या. सगळ्या मी खाल्ल्या."